मानेची किरकोळ दुखापत आणि मुलांमधील पक्षाघात

पक्षाघात किंवा अर्धांगवायू हा शब्द उच्चारला, की आपल्या डोळ्यांसमोर साठी उलटलेला, रक्तदाबाने अथवा मधुमेहाने ग्रासलेला रुग्ण उभा राहतो. शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला हा आजार होऊ शकतो, ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. परंतु मुलांनाही पक्षाघात होतो आणि त्यांतील काहींच्या बाबतीत त्याचे मूळ मानेला झालेल्या एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या दुखापतीत असते. कोलांटी उडी मारताना मान दुमडली, कुस्तीच्या डावात मानेला हिसका बसला, चेंडू मानेवर आदळला किंवा पडताना डोके एका बाजूला गर्रकन वळले, इतके निमित्तही कधी कधी पुरते.

हा प्रकार विरळा आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मैदानावर रोज हजारो मुले पडतात, त्यांच्या माना लचकतात आणि दोन दिवसांत ती पुन्हा खेळू लागतात. मग या विषयाची चर्चा कशासाठी? कारण या आजारात दुखापत आणि पक्षाघात यांच्यामध्ये बहुधा काही अंतर असते. ते कधी काही तासांचे, कधी काही दिवसांचे, तर क्वचित काही आठवड्यांचेही असते. या मधल्या काळात अनेकदा शरीर इशारे देत असते. ते ओळखले गेले, तर मोठे नुकसान टाळण्याची संधी मिळते. ओळखले गेले नाहीत, तर पक्षाघात होईपर्यंत ते पडणे सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते आणि डॉक्टरांनाही ते कोणी सांगत नाही.

धमनीत नेमके काय घडते?

मेंदूचे वजन प्रौढ शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. हा प्राणवायू घेऊन जाणारे रक्त चार धमन्यांमधून मेंदूकडे चढते. गळ्याच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना बोटांनी ठोका जाणवतो, त्या कॅरोटिड धमन्या. मानेच्या मागील भागात, मणक्यांच्या बाजूंच्या छिद्रांमधून वर जाणाऱ्या दोन धमन्यांना व्हर्टिब्रल धमन्या म्हणतात. या मागच्या दोन धमन्या कवटीत शिरल्यावर एकत्र येतात आणि लहान मेंदू, मस्तिष्कस्तंभ व दृष्टीचे केंद्र असलेला मेंदूचा मागील भाग यांना रक्त पुरवतात. तोल सांभाळणे, गिळणे, बोलणे, डोळ्यांची हालचाल, इतकेच नव्हे तर श्वास आणि शुद्ध यांवरही या भागांचे नियंत्रण असते.

धमनीची भिंत तीन थरांची असते. मानेला अचानक ताण अथवा पीळ बसला, तर सर्वांत आतल्या अस्तराला बारीक चीर पडू शकते. वैद्यकीय भाषेत याला आर्टेरियल डिसेक्शन म्हणतात. जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटून नळीतच लोंबू लागावे, तसा हा प्रकार असतो. चिरेतून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरते, तेथे साकळते आणि धमनीची पोकळी आतून अरुंद होत जाते. त्याच वेळी फाटलेल्या खडबडीत अस्तरावर रक्ताच्या गुठळ्या धरू लागतात. जखम झाली की तेथे रक्त गोठवायचे, हा तर शरीराचा स्वाभाविक धर्म. पण गुडघ्यावरच्या खरचटण्याला वरदान ठरणारी हीच क्रिया येथे घातक ठरते. गुठळीचा एखादा तुकडा सुटून रक्ताबरोबर वर वाहत जातो आणि मेंदूतील लहान धमनीत अडकतो. त्या धमनीवर अवलंबून असलेल्या पेशींचा प्राणवायू तुटतो आणि पक्षाघात होतो.

दुखापतीनंतर मूल लगेच उठून खेळू लागते आणि तीन दिवसांनी त्याचा हात लुळा पडतो, असे का होते, याचे उत्तर या क्रमात आहे. चीर पडते ती दुखापतीच्या क्षणी. गुठळी तयार होण्यास आणि ती सुटण्यास मात्र वेळ लागतो.

मुलांची मान निराळी का?

लहान मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते. ते पेलणारे मानेचे स्नायू अजून पुरेसे बळकट झालेले नसतात आणि मणक्यांना एकमेकांशी बांधणारे बंध सैल व लवचिक असतात. त्यामुळे तोच हिसका प्रौढाच्या मानेपेक्षा मुलाच्या मानेला अधिक दूरवर नेतो.

यात मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील जागा सर्वांत नाजूक असते. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो, तेव्हा त्यातील जवळजवळ निम्मी हालचाल या एकाच सांध्यात होते. व्हर्टिब्रल धमनी या ठिकाणी सरळ न जाता वळणे घेत वर चढते. मान झटक्याने वळली, तर येथे धमनी ताणली जाते किंवा हाडावर घासली जाते. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ हेदर फुलरटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ११८ मुलांच्या नोंदी एकत्र करून २००१ साली त्यांचा आढावा घेतला. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना चीर पडण्याची सर्वाधिक आढळणारी जागा हीच होती आणि अशा रुग्णांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कितीतरी अधिक होते. मुलग्यांचे खेळ अधिक धसमुसळे असतात, एवढ्यानेच या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही.

काही मुलांत धमनीची भिंतच जन्मतः दुबळी असते. एहलर्स-डॅनलॉस किंवा मारफान यांसारख्या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकारांत असे घडते. काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांची जडणघडण वेगळी असते आणि त्यामुळे धमनीवर दाब येतो. परंतु बहुतेक मुले पूर्वी पूर्णपणे निरोगी असतात, हेही तितकेच खरे.

एकूण प्रमाण किती? पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार, रक्तपुरवठा खंडित होऊन होणारा पक्षाघात दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण एक ते दोन मुलांना होतो. त्यांपैकी साडेसात ते वीस टक्के मुलांमध्ये धमनीला पडलेली चीर हे कारण सापडते.

ह्यूजच्या मृत्यूने दिलेला धडा

मानेतील धमनीची दुखापत हा विषय क्रिकेटप्रेमी वाचकांना अगदीच अपरिचित नाही. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर शेफिल्ड शील्ड सामन्यात ६३ धावांवर खेळत असलेल्या फिलिप ह्यूज या ऑस्ट्रेलियन फलंदाजाच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, उसळता चेंडू आदळला. त्याची व्हर्टिब्रल धमनी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, वयाच्या २६ व्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, त्याचे निधन झाले. त्यानंतर हेल्मेटला मागून जोडावयाचे मानरक्षक पुढे आले आणि ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजी खेळताना ते सक्तीचे केले.

ह्यूज प्रौढ होता, आघात जबरदस्त होता आणि धमनी फाटून रक्त बाहेर पडले होते. मुलांमध्ये किरकोळ दुखापतीनंतर होणारा प्रकार बहुधा याहून निराळा असतो. त्यात धमनी आरपार फाटत नाही. तिच्या आतल्या अस्तराला चीर पडते आणि पुढचे सारे नुकसान गुठळीमुळे होते. ह्यूज चेंडू लागताच काही क्षणांत कोसळला. मूल मात्र अनेकदा घरी चालत येते, जेवते आणि झोपते. म्हणूनच मुलांमधील हा प्रकार नजरेतून निसटतो.

कोणती निमित्ते आढळतात?

जगभरातील वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेलेल्या निमित्तांमध्ये कुस्ती, ज्यूदो, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, ट्रॅम्पोलिनवरील उड्या, झोपाळ्यावरून किंवा सायकलवरून पडणे, वेगवान पाळण्यातील हिसके, अशा अनेक गोष्टी आहेत. आपल्याकडील कबड्डीतील पकड, मल्लखांबावरून निसटणे, पाण्यात सूर मारताना डोके आपटणे, भावंडांनी एकमेकांच्या मानेला घातलेला विळखा, या प्रसंगांतही मानेवर याच प्रकारचा ताण येतो. मान एकाच वेळी वळणे आणि मागे ताणली जाणे ही स्थिती धमनीच्या दृष्टीने विशेष वाईट असते.

याशिवाय एक निमित्त घरातच असते आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तोंडात पेन्सिल, टूथब्रश, लॉलीपॉपची काडी, शिट्टी किंवा जत्रेतील पिपाणी धरून मूल पळते आणि तोंडावर आपटते. ती वस्तू टाळूच्या मागील मऊ भागात किंवा टॉन्सिलच्या बाजूला घुसते. तेथून थोड्याच अंतरावर कॅरोटिड धमनी असते. वस्तूच्या टोकाचा दाब बसून तिच्या अस्तराला इजा होऊ शकते. बाहेरून पाहिले तर टाळूवर एक लहानशी जखम दिसते आणि रक्तही थोडेच येते. क्वचित प्रसंगी मात्र अशा दुखापतीनंतर सुमारे ३ ते ६० तासांनी पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे घशाच्या मागील बाजूस टोकदार वस्तू लागल्यास जखम लहान असली, तरी डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचे दोन-तीन दिवस मुलावर लक्ष ठेवावे.

इशारे कसे ओळखावेत?

मान किंवा डोके दुखणे हा सर्वांत आधी मिळणारा इशारा होय. हे दुखणे बहुधा एका बाजूला, मानेच्या मागे किंवा कानामागे असते. साध्या मुरगळीचे दुखणे दिवसेंदिवस उतरत जाते. येथे ते टिकून राहते, वाढते, किंवा मूल त्याचे वर्णन ‘असे कधी दुखले नव्हते’ अशा शब्दांत करते. तथापि प्रत्येक मुलाला वेदना होतेच असे नाही आणि लहान मूल ती सांगू शकतेच असेही नाही.

त्यानंतर मेंदूच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा अडला आहे त्यानुसार लक्षणे दिसतात. मागच्या धमन्यांच्या बाबतीत चक्कर, वारंवार उलट्या, दारू प्यायल्यासारखी अडखळती चाल, एकाची दोन दिसणे, बोबडे बोलणे, गिळताना ठसका लागणे, अंगात सुस्ती येणे अशी लक्षणे आढळतात. पुढच्या धमन्यांच्या बाबतीत चेहऱ्याची एक बाजू ओघळते, एका बाजूचा हात वा पाय दुबळा पडतो, शब्द सापडत नाहीत. काही मुलांत एका डोळ्याची पापणी खाली येते आणि त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा लहान दिसते. कॅरोटिड धमनीच्या भिंतीलगत जाणाऱ्या मज्जातंतूंवर ताण आल्याची ही खूण असते. मुलांमध्ये पक्षाघाताची सुरुवात झटक्यानेही, म्हणजे आकडीनेही, होऊ शकते.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. ही लक्षणे काही मिनिटांत किंवा तासांत पूर्णपणे नाहीशी होऊ शकतात. हात पडला आणि अर्ध्या तासात बरा झाला, म्हणजे संकट टळले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती मोठ्या झटक्यापूर्वीची सूचना असू शकते. लक्षणे गेली तरी रुग्णालयात जाणे टाळू नये.

निदान का हुकते?

कॅनडातील टोरांटो येथील तज्ज्ञांनी पक्षाघात झालेल्या २०९ मुलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत गेलेल्या वेळेचा मध्यांक सुमारे २३ तास होता. सर्व सोयींनी युक्त अशा शहरातील ही स्थिती होती. त्यातील काही वेळ घरी गेला, तर बराचसा वेळ रुग्णालयात पोहोचल्यानंतर गेला.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. उलट्या व डोकेदुखी घेऊन आलेल्या मुलाकडे पाहताना डॉक्टरांच्या मनात प्रथम पित्त, पोटाचा संसर्ग, अर्धशिशी किंवा ताप आल्यास मेंदूज्वर येतो. चेहरा वाकडा झाला तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा साधा लकवा वाटतो. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर आणि मेंदूतील जंतांच्या गाठी यांचाही विचार करावाच लागतो. अशा वेळी ‘चार दिवसांपूर्वी हा झाडावरून पडला होता’ हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकते. ते वाक्य पालकांनी उच्चारले पाहिजे. मूल रागावण्याच्या भीतीने पडल्याचे लपवते, हेही विसरू नये. त्यामुळे अशी लक्षणे दिसल्यास मुलाला धीर देऊन, न रागावता, गेल्या काही दिवसांत काय घडले ते विचारावे. शाळेतील शिक्षक व खेळगडी यांच्याकडेही चौकशी करावी.

तपासण्या आणि उपचार

पहिल्या काही तासांत साधा सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो. रक्तस्राव झालेला नाही हे पाहण्यासाठी तो उपयुक्त असतो, पण ‘सीटी नॉर्मल आहे’ याचा अर्थ पक्षाघात नाही असा होत नाही. मेंदूची एमआरआय तपासणी नुकताच रक्तपुरवठा तुटलेला भाग लवकर दाखवते. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की मेंदूबरोबर मानेतील धमन्यांचेही चित्रण झाले पाहिजे. केवळ मेंदूचे चित्र काढले, तर परिणाम दिसतो आणि कारण मानेत लपून राहते. यासाठी एमआर अथवा सीटी अँजिओग्राफी केली जाते. विशिष्ट पद्धतीने काढलेल्या एमआरआय चित्रात धमनीच्या भिंतीत साकळलेले रक्त चंद्रकोरीच्या आकारात उजळून दिसते. शंका राहिल्यास धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करावी लागते.

काही मुलांत मान एका बाजूस वळवली की व्हर्टिब्रल धमनी दबते आणि तेथे पुनःपुन्हा चीर पडते. धनुर्विद्येच्या सरावानंतर पक्षाघात झालेल्या एका रुग्णाचे वर्णन १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या प्रकाराला धनुर्धाऱ्याचा पक्षाघात असे नाव पडले आहे. मागच्या धमनीचा पक्षाघात उलटलेल्या मुलांमध्ये ही शक्यता तपासली जाते, कारण त्यांना मानेचा पट्टा आणि प्रसंगी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया यांची गरज भासू शकते.

उपचाराचा पाया म्हणजे नवी गुठळी होऊ न देणे. त्यासाठी अ‍ॅस्पिरिनसारखे औषध, किंवा हेपारिन व त्यानंतर रक्त पातळ ठेवणारी अन्य औषधे, साधारणपणे तीन ते सहा महिने दिली जातात. प्रौढ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना करणारी चाचणी २०१५ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोहोंच्या परिणामांत ठळक फरक आढळला नाही. मुलांच्या बाबतीत कोणते औषध द्यावयाचे, याचा निर्णय चिरेची जागा, रक्तस्रावाचा धोका आणि मुलाचे वय पाहून तज्ज्ञ घेतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन प्रौढांमध्ये रूढ झाले आहे. मुलांमधील त्याची मोठी चाचणी मात्र पुरेसे रुग्ण न मिळाल्याने २०१३ साली बंद करावी लागली. तरीही निवडक मुलांत हे इंजेक्शन किंवा नळीवाटे गुठळी काढण्याचा उपचार केला जातो. त्यासाठी मूल वेळेत मोठ्या केंद्रात पोहोचणे आवश्यक असते.

येथे एक सावधगिरीची सूचना. पक्षाघातावर अ‍ॅस्पिरिन देतात हे वाचून पालकांनी घरी मुलाला ते कदापि देऊ नये. रक्तस्राव नाही याची खात्री झाल्याखेरीज ते धोक्याचे ठरू शकते. शिवाय विषाणूजन्य ताप असलेल्या मुलांत अ‍ॅस्पिरिनमुळे यकृत व मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतात.

तान्ह्या मुलांमधील निराळा प्रकार

साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या बाळांमध्ये पलंगावरून किंवा चालताना पडल्यानंतर काही मिनिटांत वा तासांत एका बाजूचा हात-पाय लुळा पडण्याचा आणखी एक प्रकार आढळतो. येथे मानेतील धमनीला चीर पडलेली नसते. मेंदूच्या खोल भागातील अत्यंत बारीक धमन्यांच्या भिंतींत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, कण साठलेले असतात आणि डोक्याला बसलेल्या किरकोळ धक्क्यानेही त्यांतील रक्तप्रवाह थांबतो. हैदराबाद येथील बालमेंदूविकारतज्ज्ञांनी २०१४ साली अशा बाळांची मालिका प्रसिद्ध केली आणि त्यानंतर भारतातील इतर केंद्रांतूनही अशा नोंदी आल्या. हे कण एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनमध्ये अधिक चांगले दिसतात. यांतील बहुतेक बाळांची सुधारणा चांगली होते, ही दिलाशाची गोष्ट.

मान ‘बसवून’ घेऊ नये

मान लचकली की ती चोळून, ओढून किंवा झटका देऊन ‘बसवण्याची’ आपल्याकडे जुनी रीत आहे. पायाळू माणसाचा पाय लावून उसण काढणे, हाडवैद्याकडून मान वळवून घेणे, केस कापून झाल्यावर केशकर्तनालयात ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत मान दोन्ही बाजूंना फिरवणे, हे सारे आपण पाहिलेले असते. धमनीला आधीच चीर पडली असेल, तर असा झटका ती वाढवू शकतो आणि नुकतीच धरलेली गुठळी सैल करू शकतो. दुखऱ्या मानेला विश्रांती द्यावी. मालिश, ओढ आणि झटका यांपैकी काहीही मुलाच्या मानेवर करू देऊ नये. हात-पाय लुळा पडल्यावर ‘वारे गेले’ असे समजून लेप, झाडपाला किंवा अंगारे-धुपारे यांत घालवलेला प्रत्येक तास मेंदूला महाग पडतो.

पक्षाघातानंतरचा प्रवास

मुलाचा मेंदू घडणीच्या अवस्थेत असतो. त्यामुळे इजा न झालेले भाग काही कामे नव्याने शिकू शकतात. तथापि ‘लहान आहे, आपोआप बरा होईल’ हा समज अपुरा आहे. अनेक मुलांत हाताची बारीक कामे, तोल, लक्ष टिकवणे किंवा अभ्यासातील गती यांवर परिणाम राहतो आणि काही अडचणी वर्ग वाढत गेल्यावरच जाणवू लागतात. म्हणून भौतिकोपचार, वाचोपचार आणि हाताच्या कामांचे प्रशिक्षण रुग्णालयातच सुरू करून पुढे चिकाटीने चालू ठेवावे लागते.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्याअंतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारली जातात. जिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी अवश्य करावी. कायमचे अपंगत्व राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र घेता येते आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

धमनीची चीर भरून येईपर्यंत, म्हणजे बहुधा काही महिने, कुस्ती, कबड्डी, जिम्नॅस्टिक्स यांसारखे खेळ बंद ठेवावे लागतात. पुन्हा खेळण्याची परवानगी धमनीचे चित्रण पाहूनच दिली जाते.

मग मुलांना खेळू द्यावे की नाही?

निःसंशय खेळू द्यावे. हा आजार इतका विरळा आहे, की त्याच्या भीतीने मुलाला घरात बसवणे म्हणजे नसत्या धोक्यासाठी खात्रीचे नुकसान ओढवून घेणे होय. हवी आहे ती थोडी शिस्त. कोलांटी उडी शिकवताना हनुवटी छातीला टेकवून, भार मानेवर न घेता खांद्यांवर व पाठीवर घेण्यास शिकवावे. कुस्ती व मल्लखांब जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि मऊ मातीवर वा गादीवर व्हावे. एकमेकांच्या मानेला विळखा घालण्याचा खेळ ठामपणे थांबवावा. लेदरच्या चेंडूने खेळताना योग्य मापाचे हेल्मेट असावे. तोंडात काहीही धरून पळू नये, ही सवय लहानपणीच लावावी.

आणि मानेला दुखापत झालीच, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- मोठ्या आघातानंतर मूल जमिनीवर पडून असेल व मान दुखत असेल, तर त्याला ओढून उभे करू नये. मान स्थिर ठेवून मदत मागवावी.
- दुखापतीची तारीख, वेळ आणि प्रकार लिहून ठेवावा. शाळेत घडल्यास शिक्षकांनी तो त्याच दिवशी पालकांना कळवावा.
- पुढील काही दिवस डोकेदुखी, मानदुखी, उलट्या, चक्कर व चाल यांकडे लक्ष ठेवावे. दुखणे वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.
- चेहरा वाकडा होणे, हात-पाय दुबळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाची दोन दिसणे, तोल जाणे, आकडी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी निघावे, मग ते लक्षण थोड्या वेळात गेले तरीही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर तातडीची रुग्णवाहिका उपलब्ध आहे.
- शक्यतो एमआरआय व मेंदूविकारतज्ज्ञ यांची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते.
- डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, ‘अमुक दिवसांपूर्वी याच्या मानेला लागले होते.’

पडणे हा बालपणाचाच भाग आहे आणि शंभरातील शंभर वेळा मूल हसत उठावे, हीच आपली इच्छा असते. एखाद्या वेळी ते उठल्यानंतर दोन दिवसांनी ‘आई, मान फार दुखते’ असे म्हणाले, तर ते वाक्य कानाआड न करणे एवढेच आपल्या हाती असते. त्याच्या मेंदूसाठी ती सवड पुरेशी ठरू शकते.